भाजी रानातच शिजू लागते

आज १३ जानेवारी १९५५, गुरुवार. भोगी. पहाटेचे चार-साडेचार झालेत. पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस उलटलेत, त्यामुळे कलता चंद्र अजून डोक्यावर आहे आणि त्याच्या उजेडात लांबवर वैराटगडाचा माथा ओळखू येतो. तुम्ही वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात, एका कौलारू घराच्या परड्यात उभे आहात. कागदोपत्री हा मुंबई राज्यातला उत्तर सातारा जिल्हा. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून पाच वर्षं आहेत आणि धोमचं धरण त्याहून लांब. गावात वीज नाही. बाजारात आणे-पै चालतात, धान्य शेर-पायलीनं मोजतात. अंगावर घोंगडं असूनही थंडी तळव्यांतून वर चढते, कारण पायाखालचं गवत दहिवरानं भिजलंय.

घरातून जात्याची घरघर ऐकू येते. आत या.

जातं

जमीन शेणानं सारवलेली आहे. कोनाड्यात चिमणी तेवतेय. दोन सुना समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात लावून बाजरी दळतायत. थोरलीच्या ओव्या चालू आहेत, धाकली मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडतेय. पाळूच्या कडेनं राखाडी-हिरवट पीठ झरतंय. हात पुढे करून चिमटीत घ्या. पीठ कोमट लागेल, दगडाच्या घर्षणानं तापलेलं.

"पावणं, वाईच पल्याड सरका, पीठ उडंल अंगाव," सुपात बाजरी पाखडत म्हातारी म्हणते. ती या घराची धनीण. घरात बारा माणसं आहेत, आणि आज कुणाच्या ताटात काय पडणार याचा हिशेब तिच्या डोक्यात रात्रीच झालाय.

"आत्याबाई, कालचं पीठ हाय की डब्यात," धाकली हळूच म्हणते. तिचे खांदे भरून आलेत.

"ते म्हशीच्या आंबोणात घाल. भोगीच्या भाकरीला ताजंच पायजे."

म्हातारीचा हा हट्ट नाही, अनुभव आहे. बाजरीच्या दाण्यात ज्वारी-गव्हापेक्षा तेलाचा अंश जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर हे तेल आत बंद राहतं आणि बाजरी कणगीत महिनोन्महिने टिकते. जात्यात दाणा फुटला की तेल उघडं पडतं, दाण्यातलीच विकरं ते फोडू लागतात आणि थोड्याच दिवसांत पिठाला कडवट वास सुटतो. म्हणून या घरात धान्य साठवतात, पीठ साठवत नाहीत. तुम्ही दुपारी जी गोड भाकरी खाल, तिची गोडी या दोघींच्या दंडांतून आलेली असेल. पहाटेची झोप मोडून रोज दळणारी बाई या जेवणाची पहिली स्वयंपाकीण असते, आणि तिचं हे काम जेवणाऱ्याला दिसत नाही.

मळा

तांबडं फुटताना म्हातारी दुरडी उचलते. "चला, माळवं तोडून आणू." इथं भाजीपाल्याला माळवं म्हणतात. थोरली कमरेला पदर खोचून पुढे, म्हातारी मागे आणि तिच्या मागे तुम्ही.

वाट शाळवाच्या रानातून जाते. ताटं तुमच्या डोक्याच्या वर गेलीत. कणसात दाणा भरतोय, हुरड्याला अजून थोडे दिवस आहेत. पानांवरचं दहिवर तुमच्या खांद्यावर सांडतं. पुढे हरभऱ्याचा तुकडा लागतो. तिथं पाय टाकताच पोटऱ्यांना चुरचुरायला लागतं. थांबा, खाली वाका, एक पान जिभेवर ठेवा. आंबट झणका येईल. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आम्ल पाझरतं आणि ते दहिवरात उतरतं. रात्री म्हातारीनं या झाडांवर एक धुतलेलं फडकं अंथरलं होतं. आता ती ते उचलून तांब्यात पिळते. थोडंसं पिवळसर पाणी निघतं. ही हरभऱ्याची आंब. पोट दुखलं, अजीर्ण झालं की ती थेंबाथेंबानं पाण्यातून देतात. तांब्याचं तोंड बांधून म्हातारी तो बांधावर सावलीत ठेवते.

या रानात हरभऱ्याचे दोन तुकडे आहेत. आधी पेरलेल्याला घाटे धरलेत, ते भोगीच्या भाजीसाठी तोडायचे. मागास पेरलेल्याला अजून फूल नाही. तिथं थोरली नुसते शेंडे खुडते, अंगठा आणि तर्जनीच्या नखात धरून, एका झाडाचे दोन-तीनच. तुम्हीही खुडून बघा. झाडाला धक्का न लावता खुडायला सवय लागते.

"शेंडा खुडला की बगलंतनं फुटवं येत्यात," ती सांगते. "झाड पसरतंय. घाटं बी लई लागत्यात."

इथं जरा थांबून विचार करा. ही बाई भाजी तोडतेय की शेती करतेय? दोन्ही कामं एकाच बोटांनी होतायत. शेंडा खुडला म्हणून पीक वाढतं आणि पीक वाढावं म्हणून खुडलेला शेंडा दुपारच्या ताटात येतो. मेथीच्या वाफ्यातही तेच. दाट उगवलेली मेथी विरळ करायची असते, त्यात उपटलेली जुडी घरी येते आणि उरलेल्या रोपांना जागा मिळते. वांग्याचं फळ कोवळेपणी तोडलं तर झाड पुन्हा फुलतं. झाडावरच पिकू दिलं तर झाडाचा जोर बियांकडे जातो आणि पुढची फळं कमी लागतात. काय तोडायचं, कधी आणि किती, हे स्वयंपाकघरात ठरत नाही. ते इथं, ओल्या मातीत उभं राहून ठरतं. म्हणूनच या घरात काय तोडायचं ते ठरवायचं काम दुसऱ्या कुणावर टाकत नाहीत. चुलीपुढं बसणारीच दुरडी घेऊन येते.

आता वांग्याच्या सरीत या. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती मोठी. पांढरट हिरव्या आणि जांभळ्या पट्ट्यांची फळं पानांआड लपलीत. देठाला काटे आहेत, जपून.

"ते नगं, ह्ये घ्या," म्हातारी तुमचा हात अडवते. तुम्ही धरलेलं वांगं मोठं आणि देखणं होतं, पण साल निस्तेज आणि कडेला पिवळसर पडलेली. आत बी जून झालंय. तिनं दाखवलेलं लहान आहे, त्याच्या सालीवर चकाकी आहे आणि हातात ते हलकं लागतं. एकाच आकाराची दोन वांगी असतील तर हलकं घ्यावं, जड वांग्यात बिया असतात. पुढच्या आयुष्यात कुठल्याही बाजारात उभे राहाल तेव्हा हे ज्ञान उपयोगी पडेल.

कुडाच्या कडेनं पावट्याचे आणि घेवड्याचे वेल चढलेत. पावट्याची शेंग तोडली की बोटांना चिकट, उग्र, तेलकट वास लागतो. तो वास थंडीचा आहे. दहिवर पडू लागलं की पावट्याला वास भरतो असं म्हातारी म्हणते. पाण्यानं हात धुतले तरी तो जात नाही, आणि भाजीत उतरतो तोही हाच.

विहिरीवर मोट चालू झालीय. बैल धावेवरून खाली उतरतात, कातड्याची भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात धबाधबा रिकामी होते. पाटाचं पाणी मेथीच्या वाफ्यांकडे वळवायला एक पोरगा हातात खोरं घेऊन दारं धरतोय. थोरली गाजरं उपटते, पाटात हिसळते आणि त्यांतलं एक तुमच्या हातात देते. चावा. पाणी गार, गाजर त्याहून गार आणि चावताच कटकन तुटणारं. दुरडीत आता कांद्याची पात, लसणाची हिरवी पात आणि मूठभर कोथिंबीरही पडलीय. बांधावरच्या बोरीखाली पोरं बोरं वेचतायत, त्यांच्याकडून ओंजळभर मागून घ्या. ती लागणार आहेत.

पावट्याच्या सरीत आणखी एक बाई शेंगा तोडतेय. ती रोजगारावर आलीय, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून. तिला तहान लागते तेव्हा ती थारोळ्याला हात लावत नाही. थोरली कळशीतून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतते. राज्यघटनेनं अस्पृश्यता पाच वर्षांपूर्वीच रद्द केलीय. ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरवणारा केंद्राचा कायदा येत्या १ जूनला अमलात येईल. आज संध्याकाळी ही बाई ओटीभर माळवं घेऊन घरी जाईल आणि तिच्या चुलीवरही भोगीची भाजी शिजेल, तिच्या हातची, तिच्या चवीची. पण जिनं या शेंगा तोडल्या तिला या घराच्या चुलीपर्यंत येता येत नाही. दुपारचं जेवण कितीही गोड लागलं, तरी हे लक्षात ठेवूनच जेवा.

चूल

घरी परतता तेव्हा ऊन ओसरीवर आलंय. चुलीत बाभळीची लाकडं आणि तुराट्या पेटल्यात. धूर आढ्यापर्यंत भरतो आणि कौलांच्या फटीतून रेंगाळत बाहेर जातो. तुमचे डोळे चुरचुरायला लागतात. धाकली रोज याच धुरात बसते. फुंकणीनं एक फुंकर घाला म्हणजे या घरच्या बायकांच्या छातीत काय साठतं ते कळेल.

चुलीच्या मागच्या अंगाला वैल आहे. पुढच्या भांड्याखालून उरलेली आच तिथं जाते. वैलावर पाण्याचं आधण ठेवलंय. एकाच जाळावर दोन कामं.

म्हातारी पाय दुमडून विळीवर बसते. तिच्या भोवती बघा. पावट्याचे सोललेले दाणे, मोडलेला घेवडा, हिरवे हरभरे, गाजराच्या फोडी, मिठाच्या पाण्यात टाकलेली वांगी, देठ काढलेली बोरं. सगळं वेगवेगळं ठेवलंय, एकत्र केलेलं नाही. तुम्हाला वाटेल, शेवटी एकाच भांड्यात जायचं तर वेगळं कशाला? तिच्या सगळ्या कौशल्याचं मूळ या वेगळेपणात आहे.

भांडं तापलं. शेंगतेल पडलं, गावच्या घाण्याचं. जिरं, ठेचलेला लसूण, चिमूटभर हिंग आणि वाईच्या खोऱ्यातलीच हळद. मग घरचं लाल तिखट, ज्याला इथं नुसतं चटणी म्हणतात. आता सगळ्यात आधी पावटा, घेवडा आणि हरभरा. ते तेलात परतले की वैलावरचं आधण ओतायचं. भांड्यावर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी. आतली वाफ त्या गार ताटाला लागते आणि थेंब होऊन परत भाजीत पडते. ताटातलं पाणी तापलं की लागेल तसं तेच खाली ओततात. भाजीत गार पाणी पडत नाही आणि उकळी मोडत नाही.

शेंगा अर्ध्या शिजल्या की गाजर. त्यानंतर वांगी. तुम्ही बोरं पुढे करता. म्हातारी मान हलवते.

"बोरं आन् गूळ आत्ता नगं. आंबाट आधी पडलं की शेंग दडदडीत ऱ्हाती."

तिचं म्हणणं रसायनशास्त्राच्या पुस्तकातही सापडेल. भाजीच्या पेशी एकमेकींना ज्या पदार्थानं धरून ठेवतात, तो पदार्थ उष्णतेनं विरघळला की भाजी मऊ होते. पाण्यात आंबटपणा असेल तर तो लवकर विरघळत नाही. गुळामुळेही दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून आंबट-गोड शेवटी, शेंग बोटानं चेपली जाईल इतकी शिजल्यावर. टोमॅटो या भांड्यात नाही, त्याची गरजही नाही. आंबटपणाला बोरं आहेत. मग भाजलेल्या तिळांचं आणि शेंगदाण्यांचं कूट. भुईमूग दिवाळीच्या आसपास निघाला, त्याचे दाणे पाट्यावर भरडलेत. कूट पडताच रस्सा दाटतो आणि वर तेलाचा तवंग येतो. कुणी या भाजीला खेंगट म्हणतं, कुणी नुसतं भोगीचं कालवण.

दुसरीकडे हरभऱ्याचा पाला. तुम्ही तो धुवायला उचलता, तेवढ्यात थोरली तुमच्या हातातून काढून घेते. पाल्यावरची आंब पाण्यानं जाते आणि भाजी मुकी होते. झटकून, निवडून, बारीक चिरून तिनं तो थोड्या पाण्यात शिजवायला टाकलाय. मऊ झाला की रवीनं घोटेल, थोडं डाळीचं पीठ लावेल आणि वरून लसणाची फोडणी ओतेल. एवढंच. मसाला नाही, खोबरं नाही. पहाटे जिभेवर आलेला तो आंबट झणका इथं तसाच भेटेल.

आता भाकरी. धाकली काठवटीत पीठ घेते, मधे आळं करून त्यात आधणाचं पाणी ओतते. गव्हाच्या पिठाला स्वतःची लवचीकता असते, ती बाजरीला नाही. गरम पाण्यानं पिठातला काही भाग शिजून चिकट होतो आणि तोच गोळ्याला धरून ठेवतो. तळहाताच्या टाचेनं ती पीठ रगडत राहते. तुम्हीही बसा. तुमचा गोळा थापताना कडेनं चिरेल. पीठ अजून मळा, ओल्या हातानं कड सांधा. "घाय करू नगा पावणं, तिला फिरू द्या," धाकली हसते. भाकरी हाताखाली गोल फिरत मोठी व्हायला हवी. वर पांढरे तीळ पेरा, हलक्या बोटांनी दाबा. भाकरी तव्यावर, वरच्या अंगाला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची. दोन्ही बाजू धरल्या की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकवायची. आत कोंडलेली वाफ दोन पापुद्रे सुटे करते आणि भाकरी टम्म फुगते. तीळ तडतडतात. तो वास घ्या.

ताट

पहिला घास देवाला, मग चुलीला, मग गाईला. पंगतीला आधी पुरुष आणि पोरं बसतात. तुम्ही पावणे, तुमचं पान त्यांच्यात. बायका शेवटी जेवतील, उरलेलं वाटून. म्हातारी घरची धनीण, पण तिचंही ताट सगळ्यांनंतर.

ताटात भोगीची भाजी, हरभऱ्याच्या पाल्याचं गरगटं, मुगाची खिचडी, तीळ लावलेली भाकरी, तिच्यावर विरघळू लागलेला लोण्याचा गोळा, बाजूला पातीचा कांदा आणि मीठ. भाकरीचा तुकडा मोडा, भाजीत बुडवा.

आधी तिळाचा खमंगपणा, मग पावट्याचा उग्र गोडवा, मग गाजर, आणि शेवटी बोराचा आंबट चटका. प्रत्येक भाजी वेगळी ओळखता येते. वांगं विरघळलंय पण लगदा झालेला नाही. घेवड्याला दाताखाली अजून जीव आहे. तुम्ही यापूर्वी कितीतरी मिश्र भाज्या खाल्ल्या असतील, ज्यांत सगळ्यांना मसाल्याची एकच चव होती. इथं तिखट आहे, पण ते मागे उभं आहे. म्हातारीनं ज्या भाज्या विळीपाशी वेगळ्या ठेवल्या, त्या भांड्यातही वेगळ्या राहिल्या.

हिरव्या दाण्यांची गोडी ताजेपणाची आहे. वेलावरून तुटल्यावरही दाणा जिवंत असतो, श्वास घेत असतो, आणि त्यासाठी आपलीच साखर खर्चतो. उरलेल्या साखरेतला काही भाग पिठूळ होत जातो. पालेभाजी तुटल्यापासून पाणी गमावत राहते. या ताटातली शेंग सकाळी वेलावर होती. तिच्यातला गोडवा खर्च व्हायच्या आत ती भांड्यात पडली. म्हणून म्हातारीला चवीसाठी फार काही करावं लागलं नाही. ज्या भाजीला स्वतःची चव आहे तिला मसाल्याचा आधार कमी लागतो.

"न खाई भोगी, तो सदा रोगी," वाढताना म्हातारी म्हणते, आणि तुमच्या ताटात आणखी एक भाकरी पडते. पौषाच्या थंडीत अंगाला ऊब देणारे तीळ, बाजरी, लोणी, आणि रानात याच आठवड्यात तयार झालेली प्रत्येक शेंग असं हे जेवण. उद्या संक्रांतीला सुगडं भरतील, त्यांतही हीच मंडळी असतील: गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, पावट्याच्या शेंगा. रानात जे पिकलं तेच देवापुढे, तेच वाणात, तेच ताटात.

हे ताट वर्षभर असं भरलेलं नसतं. चैत्र-वैशाखात विहीर तळाला जाईल आणि माळव्याचे वाफे सुकतील. तेव्हा सांडगे, बेसनाचा झुणका आणि वाळवलेल्या भाज्या. आषाढात कणगी खडखडीत होईल, तेव्हा बांधावरची घोळ आणि तांदुळजा. अडीच-तीन वर्षांपूर्वीच्या अवर्षणाची आठवण या घरात ताजी आहे. आजची भाजी एवढी गोड लागते त्यात हे माहीत असण्याचाही वाटा आहे.

सांज

दिवस कलला की चूल पुन्हा पेटते, पण थोडीच. दुपारच्या भाकरी टोपल्यात आहेत. म्हातारी राख बाजूला सारते, आरात दोन वांगी पुरते आणि त्यांच्याकडे पाठ करून तीळ निवडत बसते. मधूनच एकदा वांगी उलटते. साल काळी पडून फुटली, देठापाशी रस उकळायला लागला की झालं. फोडणी नाही. साल काढायची, हातानं कुस्करायचं, मीठ, आरावरच भाजलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, मूठभर दाण्याचं कूट. तेल वाटलं तर थेंबभर, कच्चं. भरिताला धुराचा वास हाच मसाला.

सोललेल्या शेंगांची टरफलं, गाजराचे शेंडे, मेथीच्या काड्या धाकलीनं गोठ्यात नेल्यात. म्हैस त्यांचं दूध करील, शेण परत वाफ्यात जाईल. दिवसभरात या घरातून फेकण्यासारखं काही निघालेलं नाही.

जेवताना म्हातारीला विचारा, ही भाजी कुठं शिकलात. ती क्षणभर गप्प राहील, प्रश्न विचित्र वाटल्यासारखी. मग म्हणेल, "शिकायचं काय त्यात? रानात असतंय त्ये करायचं." तिच्यापाशी कृती म्हणून काही लिहिलेलं नाही. तिला झाड माहीत आहे. कुठली शेंग किती जून झाली की तिला किती शिजवायचं, आजच्या बोरात किती आंबट आहे आणि म्हणून गूळ किती, हे ती रोज नव्यानं बघते आणि ठरवते.

आता

परत या, तुमच्या आजच्या जानेवारीत. वाईच्या वर धोमचं धरण झालंय, मोटा जाऊन पंप आलेत, जात्याची जागा गिरणीनं घेतलीय. बायकांच्या खांद्यांवरचं आणि छातीतलं ओझं कमी झालं, ही निखळ चांगली गोष्ट आहे. ती पहाट परत यावी असं कुणीही म्हणू नये. चव परत आणण्यासाठी ते कष्ट परत आणायची गरज नाही. त्या घरची नजर आणावी लागेल.

भोगीच्या आदल्या दिवशी पुण्यात, दादरला, साताऱ्यात मंडईत चिरलेल्या मिश्र भाजीच्या पिशव्या मिळतात. त्याऐवजी सहा भाज्या थोड्या थोड्या, अख्ख्या घ्या. विकणाऱ्या मावशींना विचारा, कधी तोडली, कुठल्या रानातली. त्यांना सांगायला आवडतं, आणि दोन-तीनदा विचारलंत की आज काय घ्यावं ते त्या आपणहून सांगू लागतात. वांगं हातात तोलून बघा. बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणा. घरी आल्यावर शेंगा फ्रीजमध्ये चार दिवस ठेवू नका, आजची आजच करा. विळी नसली तरी चालेल, पण भाज्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. कडक आधी, मऊ नंतर, आंबट-गोड शेवटी. उकळतं पाणी बाजूला तयार ठेवा. कुकरची शिट्टी करू नका, त्यात सगळ्यांना एकच वेळ मिळतो.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असाल आणि ताजा पावटा मिळत नसेल, तर गुजराती दुकानातले गोठवलेले वालाचे दाणे घ्या. तोडल्यावर लवकर गोठवलेला दाणा, आठवडाभर प्रवास केलेल्या 'ताज्या' शेंगेपेक्षा अनेकदा गोड निघतो. बोरं नसतील तर चिंचेचा कोळ, तोही शेवटीच. आणि तिथल्या शेतकरी बाजारात त्या आठवड्यात जे निघालं असेल त्यातलं एक तरी भांड्यात टाका. म्हातारीनं तेच केलं असतं. तिच्या भाजीत जे होतं ते परंपरेनं लिहून दिलं म्हणून नव्हतं, त्या सकाळी मळ्यात होतं म्हणून होतं.

चार भोग्या अशी भाजी केलीत की हात आपोआप कमी मसाला घेऊ लागतील आणि भाजी निवडायला जास्त वेळ देऊ लागतील. साधा स्वयंपाक म्हणजे कमी कष्टाचा स्वयंपाक असा आपला समज झालाय. त्या घरानं तुम्हाला दाखवलं की त्यातले निम्मे कष्ट चुलीच्या आधीचे असतात, बघण्याचे आणि निवडण्याचे. ते ज्यानं केले, त्याच्या भांड्यात तेल, मीठ आणि थोडं तिखट पुरतं. या जानेवारीत मंडईत जा, सहा शेंगा हातात घेऊन वास घ्या, आणि पुढचं काय करायचं ते त्या शेंगांनाच विचारा.